बोनस : बक्षीस की हक्क?

दिवाळी तोंडावर आली, की कारखान्यांत आणि कचेऱ्यांत एकच विषय निघतो : यंदा बोनस किती? परंतु एखाद्या वर्षी मालक 'या साली बोनस नाही' असे सांगून मोकळा होतो, आणि प्रश्नाचे रूप पालटते. आजवर मिळाले ते मालकाचे दान होते, की श्रमाचे देणे?

१९२४ साली हाच प्रश्न मुंबईत उभा राहिला. पहिल्या महायुद्धाच्या तेजीनंतर गिरणीमालकांनी काही वर्षे ओळीने बोनस दिला होता. १९२३ सालचा मात्र नाकारला. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने निर्णय दिला, की कामगारांना बोनसचा कायदेशीर हक्क नाही. संप मिटला, प्रश्न मिटला नाही.

१९६५ च्या कायद्याने तो हक्क दिला. आज त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने घेतली आहे. वीस किंवा अधिक माणसे कामाला असतील आणि वेतन शासनाने ठरविलेल्या मर्यादेत असेल, तर वर्षात तीस दिवस काम करणाऱ्यास किमान ८.३३ टक्के, म्हणजे वेतनाचा बारावा हिस्सा, बोनस मिळाला पाहिजे. मग धंद्यात तोटा का आलेला असेना. हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो द्यावयाचा असतो.

करारात कबूल केलेला बोनस मात्र याहून निराळा. तो कायद्यातून नव्हे, दिलेल्या शब्दातून उपजतो. हा शब्द लेखीच असला पाहिजे असेही नाही. कलकत्त्याच्या पूजा-बोनसविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये मानले, की वर्षानुवर्षे अखंड, तोट्याच्या सालीही, एकाच दराने दिलेल्या बोनसातून अव्यक्त करार सिद्ध होऊ शकतो. १९७६ मध्ये, मुंबईतील दुकानांच्या कामगारांच्या एका खटल्यात, त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की १९६५ चा कायदा नफ्यावरील बोनसपुरता आहे. रूढीने किंवा कराराने आलेला बोनस त्यामुळे बुडत नाही.

म्हणून नेमणूकपत्र बारकाईने वाचावे. 'बोनस देण्यात येईल' आणि 'मालकाच्या मर्जीप्रमाणे देता येईल' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले वचन होय. दुसरी केवळ आशा. वचनाला अट जोडलेली असेल, तर ती पुरी केल्याचा पुरावा जपावा. बोनस थकला, तर प्रथम लेखी मागणी करावी. संहितेखालील बोनसासाठी कामगार स्वतः किंवा त्याची नोंदलेली संघटना नियुक्त अधिकाऱ्याकडे दाद मागू शकते, आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार तेथे मालकावर असतो. कराराच्या बोनसासाठी कामगाराला औद्योगिक तंट्याचा, तर वरच्या अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे. संहितेखालील अर्जाला आणि दिवाणी दाव्याला मुदत तीन वर्षांची. संकोचापोटी ती दवडू नये.

बक्षिसाबद्दल आभार मानावयाचे असतात. देण्याची मागणी करावयाची असते. हा भेद ओळखणे, हीच हक्काची पहिली पायरी होय.