मद्रासच्या समुद्रावरील जोडनौका

मुंबईकराला समुद्र म्हटला की खाडी, डोंगरांचा आडोसा आणि आत शिरून स्वस्थपणे नांगर टाकण्याजोगे खोल पाणी या गोष्टी गृहीत धरण्याची सवय असते. परंतु 1639 साली कंपनी सरकारने कोरोमंडल किनाऱ्यावर ज्या वाळूच्या पट्ट्यावर आपली वखार घालण्याचा करार केला, आणि जेथे पुढे मद्रास इलाख्याची राजधानी वाढली, त्या जागेला यांपैकी एकही गोष्ट निसर्गाने दिलेली नव्हती. दोन शतकांहून अधिक काळ जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहत आणि माणसे व माल मसुला नावाच्या, खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेल्या लवचीक नावांतून, फुटणाऱ्या लाटांच्या रांगा ओलांडून किनाऱ्यावर येत. अशा नावेच्या सोबतीला, उतारू पाण्यात पडलेच तर उचलून घेण्यासाठी, एकदोन कट्टुमरमे असावीत असा शिरस्ता होता; आणि तुफानामुळे जेव्हा मसुलाही जाऊ शकत नसे, तेव्हा किल्ल्यातील खलिते जहाजांवर पोचविण्याचे काम कट्टुमरमावरचे कोळी, कागद चटईच्या निमुळत्या टोपीत खोवून, बजावीत असत.

हे कट्टुमरम म्हणजे हलक्या लाकडाचे तीनचार किंवा अधिक ओंडके विशिष्ट आकाराने तासून, नाळेकडे वर वळलेले तुकडे जोडून, दोराने घट्ट आवळलेला तराफा. त्याला पोट नाही, म्हणून त्यात पाणी भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. लाट वरून येते आणि ओंडक्यांच्या फटींतून खाली निघून जाते. मासेमारी आटोपली की दोर सोडून ओंडके वाळूवर सुकत घालावयाचे, कारण भिजून जड झालेले लाकूड दुसऱ्या दिवशी तितक्या चपळाईने तरंगत नाही. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीने 1697 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात या वाहनाची नोंद केली, आणि मद्रास सरकारच्या मत्स्यखात्याचे संचालक जेम्स हॉर्नेल यांनी 1920 साली भारतीय नौकांच्या घडणीवर लिहिलेल्या प्रबंधात त्याचा शास्त्रीय विचार केला. दोन अरुंद होडकी आडव्या दांड्यांनी जोडून केलेल्या ज्या नौकेला आज जगभर कॅटमरान म्हणतात, तिची घडण मात्र या तराफ्याहून वेगळी असून तिचे जवळचे नाते प्रशांत महासागरातील बेटांवरच्या जोडहोड्यांशी आहे. आपल्याकडेही नदी उतरताना दोन होड्यांची सांगड बांधण्याचा प्रघात जुनाच आहे. नाव कोरोमंडलच्या कोळ्यांचे आणि आकार पॉलिनेशियन नाविकांचा, असा हा संयोग झाला खरा, पण पोटात माल न साठविता पाण्याच्या पृष्ठभागावरून हलकेपणाने निसटून जाणे हा दोहोंचा धर्म एकच आहे.

मद्रासला बंदर मिळाले ते माणसाच्या हट्टाने. 1875 च्या डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली, दोन भिंती समुद्रात पुढे सरकत गेल्या, आणि 1881 च्या नोव्हेंबरातील चक्रीवादळाने त्यांचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. काम पुन्हा उभे राहिले तरी पूर्वेकडे उघडणारे तोंड लाटांना मोकळी वाट देत होते आणि गाळाचाही उपद्रव होत होता. 1904 साली पोर्ट ट्रस्टच्या अध्यक्षपदी आलेले सर फ्रान्सिस स्प्रिंग हे मूळचे रेल्वेचे अभियंते, नद्यांचे प्रवाह आणि पूल यांच्या विद्येत मुरलेले. त्यांनी पूर्वेचे तोंड बंद करून ईशान्येकडे नवे प्रवेशद्वार काढविले, आणि आत प्रथमच शांत म्हणता येईल असे पाणी निर्माण झाले. याच स्प्रिंगसाहेबांच्या पुढाकाराने 1911 साली बंदराच्या आवारात शिडांच्या नौकांचा क्लब निघाला. तोच आजचा रॉयल मद्रास यॉट क्लब. पुढच्याच वर्षी, 1 मार्च 1912 रोजी, त्यांच्या हिशेबखात्यात दरमहा तीस रुपयांवर एक तरुण कारकून रुजू झाला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. त्याच्या गणिताची योग्यता ओळखून त्याच्यासाठी शब्द टाकणाऱ्यांत अध्यक्षसाहेब होते, हे गणिताच्या इतिहासात नमूद आहेच. पण ज्या माणसाने आपल्या दफ्तरातील कारकुनाची प्रतिभा वाया जाऊ दिली नाही, त्यानेच आपण बांधलेल्या पाण्यावर शिडे उभारण्याची तजवीज केली, याची आठवण मद्रासबाहेर फारशी कोणी ठेवीत नाही.

युरोपीय पद्धतीच्या आधुनिक शर्यतीत जोडनौकेचा प्रवेश झाला तो एका अन्यायाने. 1876 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या शताब्दी शर्यतीत नॅथॅनिएल हेरेशॉफ याने ‘अमॅरिलिस’ नावाची आपली जोडनौका उतरविली आणि तिने मोठमोठ्या नौकांना मागे टाकले. त्यावर पंचांनी विचार केला तो असल्या नौकेला स्पर्धेबाहेर काढण्याचा. वेगाच्या स्पर्धेतून वेगामुळेच एखादे साधन बाद व्हावे यासारखी असमंजस गोष्ट दुसरी नाही, आणि तिची किंमत अशी की पुढे जवळजवळ पाऊण शतक हा प्रकार शर्यतीच्या कडेला पडून राहिला. 1950 नंतर इंग्लंडमधील प्राउट बंधूंनी त्याला पुन्हा वर काढले. 1967 साली रॉडनी मार्च यांनी आखलेली टॉर्नेडो ही जोडनौका 1976 पासून 2008 पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात हा खेळ आणला तो कॅलिफोर्नियात लाटांवर घसरण्याच्या फळ्या बनविणाऱ्या होबी आल्टर याने. त्याची 1970 च्या सुमारास निघालेली होबी 16 ही नौका आजवर एक लाखाहून अधिक संख्येने बनली आहे. लांबी सुमारे 5 मीटर, रुंदी 2.41 मीटर, वजन 145 किलो, दोन माणसांचा चमू, दोन शिडे, आणि दोन होडक्यांच्या मध्ये ताणून बांधलेले जाड कापड; बैठक म्हणावी तर एवढीच.

या नौकेची घडण विचारपूर्वक पाहण्यासारखी आहे. तिच्या तळातून पाण्यात खोल उतरणारी फळी नाही, त्यामुळे वाळूच्या किनाऱ्यावरून ती सरळ लाटेत ढकलता येते आणि सरळ वाळूवर चढविता येते; ज्या किनाऱ्यावर लाटा फुटतात तेथे हा गुण मोलाचा आहे. मग वाऱ्याच्या रेट्याने ती बाजूला का वाहून जात नाही, तर दोन्ही होडक्यांची बाहेरची अंगे सपाट आणि आतली गोलाईची ठेवलेली असल्याने वाऱ्याआडचे होडके पाण्यात रुतून तिला वाऱ्याकडे उचलून धरते. रुंद पोटाची नाव स्वतः उठविलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते आणि तिचा वेग तिच्या लांबीने बांधला जातो. सडपातळ होडके फारशी लाट उठवीतच नाही, म्हणून ते बंधन त्याला जाचत नाही. स्थैर्य मिळते ते तळातल्या शिशाने नव्हे तर रुंदीने आणि माणसाच्या देहाने: वारा वाढला की दोघेही डोलकाठीपासून आलेल्या तारेला कमरेचा पट्टा अडकवून, होडक्याच्या कडेला पाय रोवून, पाण्यावर आडवे होतात, आणि वाऱ्याकडचे होडके पाण्यापासून वीतभर सुटले की नौका एकाच होडक्यावर धावू लागते. वीतभर सुटावे, हातभर नव्हे. कारण त्यापुढची प्रत्येक बोटभर उंची म्हणजे शिडातून वाया गेलेला वारा होय.

परंतु जे हलके आहे ते गती साठवून ठेवीत नाही, आणि येथेच नवख्याची परीक्षा होते. वाऱ्याच्या तोंडावरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस वळताना जड नाव आपल्या भाराने फिरून जाते, ही मात्र मध्येच थबकते आणि मागे सरकू लागते. म्हणून वळण हळुवार घ्यावयाचे, मोठ्या शिडाचा दोर ऐन वेळी सैल सोडावयाचा, पुढचे लहान शीड मात्र जुन्याच बाजूला धरून ठेवून त्याच्या उलट्या फुगण्याने नाळ फिरू द्यावयाची, आणि नाळ फिरल्यावरच ते सोडावयाचे. एवढ्यावरही ती मागे सरकलीच तर सुकाणू उलट धरावयाचे. वाऱ्याच्या दिशेने जातानाही ती सरळ हाकीत नाहीत, कारण वेगाने धावणारी नौका स्वतःसाठी निराळाच वारा उत्पन्न करते. तिरप्या लांब वळणांनी गेल्यास वाट वाढते पण वेळ वाचतो. धोका आहे तोही याच दिशेत: जोराच्या झोतात वाऱ्याआडच्या होडक्याची नाळ पाण्याखाली घुसली तर मागची बाजू उचलली जाऊन नौका तोंडावर कोलमडते, म्हणून दोघांनीही अशा वेळी शक्य तितके मागे सरकावे. उलटलेली नौका उभी करणे अवघड नसते, पण त्यासाठी प्रथम तिची नाळ वाऱ्याकडे करून, मग दोरीला लोंबकळत, शिडातले पाणी निथळेपर्यंत धीर धरावा लागतो.

मद्रासच्या पाण्यावर अशी नौका संपूर्ण हंगाम चालवावयाची तर पंचांग कोकणाचे नव्हे, कोरोमंडलचे लावावे लागते. आपल्याकडे जूनमध्ये शिडे उतरतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्र पुन्हा मोकळा होतो. मद्रासला मात्र ज्येष्ठ-आषाढात आकाश बहुधा कोरडे असते, आणि समुद्र खवळतो तो दिवाळीच्या आगेमागे, जेव्हा ईशान्येचा मोसमी पाऊस सुरू होतो. वर्षाच्या सुमारे 1400 मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो आणि चक्रीवादळेही याच महिन्यांत येतात. 12 डिसेंबर 2016 रोजी आलेल्या वरदा वादळाने शहराची हजारो झाडे आडवी केली. जानेवारी उजाडला की ईशान्येचा वारा सौम्य व सरळ होतो, आणि नव्या चमूला शिकण्यासाठी याहून चांगले दिवस नाहीत. मार्चनंतर तो दक्षिणेकडे झुकतो. पण खरी कसोटी मे ते सप्टेंबरची: सकाळी पश्चिमेकडून तापलेल्या जमिनीचा कोरडा वारा वाहत असतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा आत शिरण्याचा प्रयत्न करतो, आणि दोहोंच्या सीमेवर काही काळ वारा पडतो किंवा चारी दिशांनी भटकतो. ही सीमा आज कोठे आहे आणि किती वेगाने किनाऱ्याकडे सरकते आहे, हे पाण्याच्या रंगावरून, धुरांड्यांच्या धुरावरून आणि दूरच्या कोळ्यांच्या शिडांवरून ज्याला आधी कळते तो शर्यत जिंकतो. भरती-ओहोटीची चिंता येथे मुंबईइतकी नाही, कारण पाण्याचा चढउतार जेमतेम एक मीटरच्या आसपास असतो. पण किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह वसंतात उत्तरेकडे आणि ईशान्य मोसमीत दक्षिणेकडे वाहतो, आणि ज्याने त्याचा हिशेब धरला नाही तो चांगल्या वाऱ्यातही खुणेच्या तरंड्यापासून दूर घसरत जातो.

शर्यतीचा विधी थोडक्यात सांगता येतो. पाच मिनिटांचा बावटा, चारचा, एकचा, आणि मग प्रारंभ. वारा डाव्या अंगाने घेणाऱ्याने उजव्या अंगाने घेणाऱ्याला वाट द्यावयाची. बंदराच्या अरुंद वाटेत मात्र, आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, शिडाच्या नौकेने मोठ्या जहाजाला अडथळा करावयाचा नाही. पहिल्यास एक गुण, दुसऱ्यास दोन, आणि हंगामाअखेर ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. या हिशेबाचा परिणाम असा की एका तेजस्वी दिवसापेक्षा सातत्य वरचढ ठरते, आणि सातत्य मिळते ते किनाऱ्यावर. मद्रासचे खारे दमट हवामान ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि तिच्यातले पोलादी रिव्हेट यांच्या सांध्यांना कुरतडते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणे, तारांचा प्रत्येक पदर बोटाने चाचपून पाहणे, आडव्या दांड्यांचे खांब होडक्यात जेथे बसतात तेथे फायबरग्लासचे थर सुटले नाहीत याची खात्री करणे, ही कामे शर्यतीचाच भाग समजली पाहिजेत. ज्याला हे काम कंटाळवाणे वाटते त्याने हंगाम धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मद्रासने, म्हणजे आजच्या चेन्नईने, या विद्येत माणसे दिली आहेत. ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकेत उतरलेली पहिली भारतीय स्त्री नेत्रा कुमनन ही येथलीच. टोकियोत तिच्याबरोबर गेलेली के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर ही जोडीही येथलीच. 2016 पासून ऑलिंपिकमध्ये नाक्रा 17 ही जोडनौका आहे, आणि तिच्या चमूत एक स्त्री व एक पुरुष असलाच पाहिजे असा नियम आहे. पण टोकियोत किंवा पॅरिसमध्ये भारताची जोडी त्या प्रकारात नव्हती. दुसरीकडे कासिमेडूच्या धक्क्यावर आणि किनाऱ्यावरील कुप्पमांत, म्हणजे कोळीवाड्यांत, यांत्रिक फायबर होड्यांनी ओंडक्यांच्या कट्टुमरमांची जागा केव्हाच घेतली आहे, विशेषतः 2004 च्या त्सुनामीनंतर, आणि लाट फुटण्याआधी तिचे मर्म ओळखणारी कोळ्यांची नवी पिढी शिडावाचून वाढते आहे. क्लब आहे, बंदर आहे, वारा आहे, समुद्र जन्मापासून जाणणारी मुले आहेत. क्लबांनी, बंदरखात्याने आणि राज्याच्या क्रीडाखात्याने मिळून चारसहा जोडनौका वाळूवर आणाव्यात, त्यांतल्या निम्म्या जागा कुप्पमांतील मुलामुलींसाठी राखून ठेवाव्यात आणि जानेवारीत हंगाम सुरू करावा. आणि आपल्या रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावरील मंडळींनीही, मद्रासची वाट न पाहता, तोच प्रयोग आपल्या पाण्यात करून पाहावा.