दट्ट्याखालची कॉफी

जायफळ घातलेली दुधाळ कॉफी हे मराठी घरांचं स्वतःचं पेय आहे. बागलाण तालुक्यातल्या सटाण्यातही कॉफी म्हटलं की तीच डोळ्यांसमोर येते: साखर सढळ, वर किसणीवर घासलेलं जायफळ. इन्स्टंट पुड्या घरोघर पोचण्याआधी तिची एक कृती अशी होती. पाण्याला उकळी आली की पातेलं उतरवायचं, पूड टाकून झाकण ठेवायचं, जरा मुरली की फडक्यातून गाळून घ्यायची, मग दूध. फ्रेंच प्रेस नावाच्या काचेच्या भांड्याकडे शहरी खूळ म्हणून पाहिलं जातं, पण त्याची रीतही हीच. फडक्याच्या जागी दट्ट्याला बसवलेली जाळी आली, एवढंच. त्याला वीज लागत नाही, कागदी गाळण्या मागवाव्या लागत नाहीत. म्हणूनच लहान गावात घरच्या घरी उत्तम कॉफी करायची तर याहून सोपं साधन नाही, असं माझं ठाम मत आहे.

दट्ट्याच्या गाळणीचं पेटंट फ्रान्समध्ये मेयर आणि देलफोर्ज यांनी १८५२ साली घेतलं. १९२९ मध्ये कालिमानी आणि मोनेता या इटालियन जोडीने ती सुधारली. आजचं रूप १९५८ च्या फालिएरो बोंदानिनी यांच्या पेटंटातून आलं; ती भांडी फ्रान्समधल्या एका क्लॅरिनेटच्या कारखान्यात तयार होत.

कॉफी आपल्याला परकी नाही. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. मुंबईत १९३६ साली चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस उघडलं. आणि विदर्भातल्या चिखलदऱ्याला, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत, हे फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असतं.

बागलाणात खरी अडचण पाण्याची आहे. इथल्या विहिरी आणि बोअर काळ्या पाषाणात खोदलेल्या. असं पाणी पुष्कळदा जड, म्हणजे क्षारयुक्त असतं. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, तो या क्षारांचाच. त्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतात. मग कितीही महागाच्या बिया आणा, कप मातकट आणि निर्जीव लागतो. याउलट आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत, आणि कॉफी पोकळ होते. कॉफीच्या जाणकारांच्या संघटनेने सुचवलेली क्षारता लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. घरी मोजमापाची गरज नाही. नळाचं किंवा विहिरीचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकून निवू द्या. क्षारांचा बराचसा भाग तळाशी बसतो. वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या, आणि तरीही जड वाटलं तर त्यात निम्मं आरओचं मिसळा. एवढ्यानेच फरक जिभेवर कळतो.

दुसरी गोष्ट दळण. बाजारातली बारीक पूड इथे नको, चिकोरीची तर मुळीच नको. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचून घ्या. भाजलेल्या बिया मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा आणि जाड रव्यासारखी भरड काढा. मग पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडणारी धूळ बाजूला ठेवा, कारण तळाला गाळ तिच्यामुळेच साचतो आणि कडवटपणाही तीच वाढवते.

अर्धा लिटर पाण्याला ३० ग्रॅम भरड. सटाण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. गॅस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट थांबलं की ते हव्या त्या ९३ ते ९६ अंशांवर येतं. भरडीवर ओता. वर तपकिरी फेसाची साय जमते. चार मिनिटांनी ती चमच्याने मोडा, फेस काढून टाका, मग दट्ट्या सावकाश दाबा. हाताला जोर लागत असेल तर दळण फार बारीक झालं, असं समजा. सगळी कॉफी लगेच ओतून घ्या. चोथ्यावर राहिलेली कडू होत जाते. जायफळ आवडत असेल तर ते भांड्यात नको, कपातच किसा. त्याचा सुगंध उडून जाणारा असतो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. जाळीतून कॉफीतलं तेलही कपात उतरतं. त्यातला कॅफेस्टॉल हा घटक रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी गाळणीत तो बहुतांशी अडकतो. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांनी प्रेसची कॉफी रोज घेऊ नये. घ्यायचीच असेल तर कागदातून गाळून घ्यावी.