तेल, पाणी व वायू यांचे विभाजन : गणिती प्रतिमान आणि नियंत्रण

मुंबई हायसारख्या सागरी तेलक्षेत्रात (शोध १९७४, उत्पादन १९७६ पासून) विहिरींतून तेल, पाणी व वायू एकत्रच येतात. आडव्या विभाजक टाकीत वायू वर राहतो, पाणी तळाशी बसते आणि तेल बांधावरून पलीकडच्या कप्प्यात जाते.

या टाकीच्या गणिती प्रतिमानाचे आधार दोन. वस्तुमान-समतोलानुसार आवक व जावक यांतील तफावतीने पातळी आणि दाब बदलतात. स्टोक्सच्या नियमानुसार (१८५१) थेंबाचा व्यास निम्मा झाल्यास त्याचा वेग चतुर्थांश होतो. म्हणून बारीक थेंबांना टाकीत अधिक काळ मिळावा लागतो.

वायूच्या झडपेने दाब, तेलाच्या झडपेने तेलाची पातळी व पाण्याच्या झडपेने तेल-पाण्याची सीमापातळी राखली जाते. सीमापातळी फार खाली गेल्यास तेल पाण्याबरोबर वाहून जाते. फार वर चढल्यास पाणी बांध ओलांडून तेलात मिसळते.

तथापि लांब नळांतून द्रव अनेकदा लोंढ्यांनी येतो. पातळी तंतोतंत स्थिर राखण्याचा अट्टाहास केल्यास प्रत्येक लोंढा पुढील शुद्धीकरण यंत्रणेवर आदळतो. सुरक्षित मर्यादांत ती चढउतार करू दिल्यास टाकीच तो सामावून घेते. नियंत्रकाची जुळणी करताना स्थिर पातळीपेक्षा स्थिर जावक अधिक महत्त्वाची ठरते, ती याच कारणाने.