ग्राफीन : औषधात आशा, दुकानात सावधगिरी

पेन्सिलीतील शिसे म्हणजे ग्रॅफाइट. त्याचा एका अणूइतक्या जाडीचा पदर म्हणजे ग्राफीन. एक मिलिमीटर ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे तीस लाख पदर असतात. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली साध्या चिकटपट्टीने हा पदर सुटा करून दाखविला. २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्राफीन वीज उत्तम वाहून नेते, लवचीक असते आणि त्यावर औषधाचे रेणू बसविता येतात. म्हणून रोगाची खूण ओळखणारी उपकरणे व गाठीपर्यंत औषध नेणारे कण यांवर संशोधन चालू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर येथे गाठीच्या शस्त्रक्रियेत मेंदूचे संकेत टिपणारी ग्राफीनची पट्टी प्रथमच माणसावर वापरली गेली.

पण धोकाही लक्षात घ्यावा. हे कण श्वासावाटे फुप्फुसात गेले तर काय होते, हे कणांचा आकार, शुद्धता व प्रमाण यांवर ठरते. २०२४ साली एडिनबर्गच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ निरोगी व्यक्तींनी अतिशुद्ध ग्राफीन ऑक्साइड दोन तास हुंगले. तात्काळ अपाय दिसला नाही. मात्र रोज, वर्षानुवर्षे संपर्क आल्यास काय, याचे उत्तर एवढ्यावरून मिळत नाही.

व्यापाऱ्यांशी याचा संबंध काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनामुळे अमरावती व अकोल्यात पुन्हा टाळेबंदी आली. मास्क ही रोजची गरज होती. त्याच सुमारास, एप्रिलमध्ये, कॅनडाच्या आरोग्य खात्याने ग्राफीनचे मास्क वापरू नका असे बजावले. तपासणीनंतर जुलैमध्ये त्यांतील चार प्रकारांना पुन्हा परवानगी मिळाली. म्हणजे दोष सरसकट ग्राफीनचा नव्हे. प्रत्येक माल वेगळा तपासावा लागतो.

याच काळात लसीत ग्राफीन असल्याची अफवाही पसरली. पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डच्या जाहीर घटकांत ग्राफीन नाही. अफवेने घाबरणे आणि जाहिरातीने भुलणे, दोन्हींत नुकसान ग्राहकाचेच.

तेव्हा ‘नॅनो’ किंवा ‘ग्राफीन’ छापलेला पट्टा, मास्क वा मलम दुकानात आल्यास घाऊक विक्रेत्याला विचारा : उत्पादक कोण? परवाना वा नोंदणी क्रमांक कोणता? दाव्याला चाचणीचा कागद आहे काय? वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत, नॅनो औषधांच्या तपासणीसाठी केंद्राची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. उत्तर मिळाले नाही तर माल परत करावा. मालाचा ऐब लपवून मिळविलेल्या नफ्यात बरकत नसते. आणि ज्याचा गुण आपणच पडताळला नाही, त्याची हमी ग्राहकाला देणे हाही ऐबच होय.