गोफण फिरवण्याआधी चोच पाहा

ज्वारी हुरड्यात आली की मचाणावरून गोफण फिरू लागते. ताटांतून लहानसे पाखरू उडाले की ‘चिमणी आली’ म्हणून आपण गोफणगुंडा सोडतो. पण मंडळी, प्रत्येक पाखरू दाण्यासाठी आलेले नसते.

मग ओळखावे कसे? नुसत्या रंगावर जाऊ नका. सुगरणीचा नर पावसाळ्यात पिवळी टोपी मिरवतो, पण हिवाळ्यात तोही चिमणीच्या मादीसारखा मातकट दिसतो. आधी चोच पाहा. आखूड, बुडाशी जाड चोच दाणे फोडणाराची. चिमणी, सुगरण, मुनिया या त्यातल्या. त्या बहुधा थव्याने उतरतात.

बारीक, टोकदार चोच किडे टिपणाराची. यांत शिंपी आणि वटवट्या हमखास फसवतात. दोघेही शेपटी उभारून एकेकटे नाहीतर जोडीने हिंडतात. शिंप्याचा माथा तांबूस, पाठ हिरवट. राखी वटवट्याची पाठ राखेच्या रंगाची, पोट बदामी. साधा वटवट्या मातकट, डोळ्यावर फिकट भुवई. शिवलेल्या पानांचे घरटे दिसले म्हणजे ते शिंप्याचेच, असे मात्र समजू नका. राखी वटवट्याही पाने शिवतो.

हे दोघे पिकावरच्या अळ्या, किडे वेचतात. चिमणी आणि सुगरणसुद्धा पिलांना किडे भरवतात. तेव्हा राखण जरूर करा, थवा हाकून लावा. पण शेपटी उभारलेल्या त्या एकट्या पाखरावर गुंडा सोडू नका. ते आपल्याच शेतावर राबते आहे.