रोग्याची भाषा

रोगी वैद्याकडे येतो, तेव्हा त्या दोघांतील पहिला व्यवहार औषधाचा नसतो, शब्दांचा असतो. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, दुखणे सारखे राहते की थांबून थांबून येते, असे वैद्य विचारतो आणि रोगी सांगतो. अंगातील ताप यंत्राने मोजता येतो. परंतु वेदना कशी आहे, हे रोग्यावाचून दुसऱ्या कोणालाही सांगता येत नाही. म्हणून दोघांची भाषा भिन्न असेल, तर निदानाचा पायाच डळमळतो.

ही अडचण परदेशातच येते असे नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडच्या अरण्यात माडिया गोंड लोक राहतात. त्यांची माडिया बोली गोंडीच्या गोतातील असून तेलुगू व कन्नड यांप्रमाणे द्राविड भाषाकुलात मोडते. मराठीचे कुल निराळे आहे. त्यामुळे राज्य एकच असूनही, केवळ मराठी जाणणाऱ्या मनुष्यास माडिया बोलणे उमगत नाही.

१९७३ साली बाबा आमटे यांनी या भागात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि स्नुषा डॉ. मंदाकिनी यांनी तेथे दवाखाना चालविण्याचे कार्य अंगावर घेतले. त्या वेळी तेथे वीज नव्हती आणि पावसाळ्यात वाटा बंद होत. तथापि याहून मोठा अडसर भाषेचा होता. गावचा पुजारी लोकांच्याच बोलीत बोले. या परक्या माणसांचे बोलणे मात्र त्यांना कळत नसे. ते दवाखान्यापासून दूरच राहत. तेव्हा रोग्यांनी मराठी शिकावी, अशी वाट पाहत न बसता या डॉक्टर दांपत्यानेच माडिया शिकून घेतली. हळूहळू लोकांचा विश्वास बसला आणि दूरदूरच्या पाड्यांवरून रोगी पायी चालत येऊ लागले.

दुभाष्याकडून काम भागणार नाही काय, असे कोणास वाटेल. दुभाष्याची मदत मोलाची असते. परंतु त्याला ते काम शिकविलेले असावे लागते. पुष्कळदा घरातील एखादे मूलच दुभाष्या होते. आपल्या मुलासमोर आईला स्वतःचे दुखणे सांगण्याचा संकोच वाटतो. मुलाला न समजलेले वाक्य ते गाळून टाकते आणि गाळलेल्या त्याच वाक्यात रोगाची खूण असू शकते.

औषध दिल्यावरही भाषेचे काम संपत नाही. गोळी जेवणापूर्वी घ्यावयाची की नंतर, अर्धी की सबंध, हे रोग्यास नीट कळले पाहिजे. क्षयरोगाचा उपचार साधारणपणे सहा महिने तरी चालतो. थोडे बरे वाटताच औषध सोडले, तर रोग पुन्हा उलटतो आणि मग पूर्वीच्या औषधांना दाद देईनासा होतो. बरे वाटत असतानाही औषध का घ्यावे, हे नुसत्या खुणांनी कसे पटवून देणार? त्यासाठी रोग्याच्या घरात बोलली जाणारी भाषाच हवी.

१९७६ साली हेमलकसा येथे शाळा सुरू झाली. तेथे शिकलेल्या माडिया मुलांपैकी काही पुढे डॉक्टर झाले. ज्या समाजाला एके काळी डॉक्टरांचे शब्द कळत नव्हते, त्याच समाजातून माडिया हीच मातृभाषा असलेले डॉक्टर निर्माण झाले. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना २००८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

मोठ्या शहरांतील रुग्णालयांतही निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक रोज येतात. त्यांतील एखाद्याला केवळ बोलता येत नाही म्हणून आपले दुखणे गिळून परत जावे लागले, तर तेथील उत्तम यंत्रे आणि उंची औषधे यांचा त्याला काय उपयोग? रोग्याचे बोलणे त्याच्याच भाषेत ऐकून घेणे, ही उपचाराची पहिली पायरी होय.