सत्तावीस स्टेशनांचं बर्लिन

शनिवारी सकाळी आधी किराणा. रविवारी बर्लिनमधली जवळपास सगळी दुकानं बंद असतात, त्यामुळे दूध, ब्रेड, कांदे-बटाटे आदल्या दिवशीच भरून ठेवावे लागतात. ते आटोपलं, की पुण्याहून एमएस करायला आलेली ती मुलगी पोळी-भाजीचा डबा सॅकमध्ये टाकते आणि स्टेशनचा रस्ता धरते.

तिची पद्धत ठरलेली आहे. शहराच्या मधल्या भागाला वेढा घालणारी रिंगबान ही लोकल पकडायची, दर आठवड्याला एका नव्या स्टेशनावर उतरायचं आणि पाय बोलू लागेपर्यंत चालायचं. एस-४१ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, एस-४२ उलटी. ३७ किलोमीटर, २७ स्टेशनं, तासाभराचा फेरा. सेमिस्टर तिकिटाचे पैसे विद्यापीठाच्या फीबरोबरच भरलेले असतात, म्हणून या भटकंतीचा वेगळा खर्च नाही.

हा फेराच एकेकाळी तुटलेला होता. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली आणि रिंग पूर्व-पश्चिमेत दोन ठिकाणी कापली गेली. भिंत १९८९ मध्ये पडली, पण रुळांचा शेवटचा सांधा जुळायला २००२ उजाडलं. गेझुंडब्रुनेन स्टेशनावर उतरून ती बेर्नाउअर श्ट्रासेपर्यंत चालत गेली, तेव्हा तिला ती चिरफाड नीट कळली. तिथे घरं पूर्वेत आणि दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत होता. माणसांनी खिडक्यांतून उड्या मारल्या त्या याच रस्त्यावर.

टेम्पेलहोफ या जुन्या विमानतळावरचा दिवस मात्र मोकळ्या वाऱ्याचा. १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत इथे अन्न आणि कोळसा घेऊन विमानांमागून विमानं उतरत होती. विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि दोन वर्षांनी उद्यान म्हणून लोकांसाठी खुला झाला. पुढे तिथे इमारती बांधायचं घाटत होतं. २०१४ च्या सार्वमतात बर्लिनकरांनी त्याला नकार दिला. आज धावपट्टीवर पोरं सायकली आणि पतंग घेऊन धावतात. एवढं आभाळ एखाद्या शहराने स्वतःसाठी राखून ठेवावं, ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

सगळ्यात जास्त वेळ ती थांबते ती पायाखाली बघत. जुन्या घरांच्या दारांसमोर फुटपाथमध्ये पितळी पत्र्याचे, साधारण दहा सेंटिमीटर चौरसाचे दगड बसवलेले असतात. नाझींच्या बळींच्या स्मरणार्थ गुंटर डेम्निग या कलावंताने सुरू केलेलं हे काम. अक्षरं बारीक, त्यामुळे वाचायला वाकावंच लागतं. बहुतेकांवर सुरुवात एकच: ‘इथे राहत होते’. मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. शोनेबर्गमधल्या एका दारापुढे चार दगड ओळीने होते, आडनाव एकच. सगळ्यात धाकट्याचं जन्मसाल वजा करून तिने वय काढलं आणि मग बराच वेळ तिचं पाऊल उचललं नाही.

एका रविवारी तिने हायडेलबर्गर प्लाट्झला रिंग सोडली आणि यू-३ ने डाह्लेमला गेली. इनेश्ट्रासे २२. इथे पूर्वी कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली इथेच पीएच.डी. करत होत्या. कवट्यांच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा संबंध वंशाशी लावणाऱ्या गुरूच्या मताला त्यांनी मोजलेल्या कवट्यांनी दुजोरा दिला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. पुढे नाझी राजवटीत याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वंशभेदाला विज्ञानाचा मुलामा दिला. तो इतिहास सांगणारी पाटी आता दाराशी आहे. इमारत विद्यापीठाची आहे, रविवारी बंद.

ती पाटीचा फोटो काढते, शेजारच्या झाडाखाली बसून डबा उघडते. पुण्यात तेव्हा संध्याकाळ झालेली असते. फोनवर आजी विचारते, “आज कुठे उतरलीस गं?” ‘युगान्त’ची पारायणं केलेल्या आजीला ती आधी फक्त पत्ता सांगते.